करून देतो, ताई

९ ऑगस्ट २०२३च्या सकाळी माझ्या हॉलमधल्या भिंतीवरची काच तडकलेली दिसली. ती काच मीच तिथे लावली होती. शेजारच्या मुलीच्या शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाच्या तीन काचपट्ट्या मी मागून घेतल्या होत्या. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर चढणाऱ्या भेगेवर त्या आडव्या ठेवल्या, दोन्ही टोकांना सिमेंटचे ठिपके दिले आणि खाली पेन्सिलने तारीख घातली : २६ जून. भेग जुनी, निवांत असेल तर काच वर्षानुवर्षं तशीच राहते. भेग चालती असेल, म्हणजे भिंत अजून सरकत असेल, तर काच तिला साथ देऊ शकत नाही आणि तुटते. दोन पट्ट्या शाबूत होत्या. खिडकीजवळची मधोमध तुटली होती.

या भेगेत बिल्डरच्या माणसाने तोवर तीन वेळा पुट्टी भरली होती.

मी सार्वजनिक बांधकाम विभागात ३३ वर्षं होते. १९८८ साली कनिष्ठ अभियंता म्हणून लागले, २०२१ साली निवृत्त झाले. निवृत्तीच्या पैशातून प्रताप नगरात एक फ्लॅट घेतला. ज्यांना हा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते : नागपूरच्या नैर्ऋत्येला, खामला आणि त्रिमूर्ती नगरच्या शेजारची ही वस्ती. आमच्या गल्लीत पूर्वी सगळी बैठी घरं होती, अंगणात आंबा नाहीतर कडुनिंब, पुढे जाळीचा व्हरांडा. मुलं पुण्या-बंगळुरूला गेली, घरात दोन म्हातारी माणसं उरली, की तो प्लॉट बिल्डरला जातो आणि वर्षा-दीड वर्षात तिथे 'फ्लॅट स्कीम' उभी राहते. आमची इमारत अशीच झाली. प्लॉट ४००० चौरस फुटांचा. खाली पार्किंग, वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर दोन, असे सहा फ्लॅट. मी पहिल्या मजल्यावर. ज्यांचा मूळ प्लॉट ते काका-काकू दुसऱ्या मजल्यावर, माझ्या डोक्यावर.

करार केला तेव्हा प्लास्टर होऊन गेलं होतं. प्लास्टरखालचं काँक्रीट डोळ्यांना दिसत नाही, ते ज्या दिवशी ओततात त्या दिवशीच बघायचं असतं. तो दिवस बघितला होता काकूंनी. रिकामं घर पाडल्यावर त्या समोरच भाड्याने राहत होत्या. नंतर त्यांनी मला सांगितलं, मे महिन्यात स्लॅब टाकला, टँकर तीन-चार दिवस आला, मग आलाच नाही.

हे ऐकून मी काय समजले, ते सांगायला हवं. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन घट्ट होतं. ओतल्यानंतर त्याला दिवसेंदिवस ओलं ठेवावं लागतं, आपण त्याला 'पाणी मारणं' म्हणतो. काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक, आयएस ४५६, सांगतं की साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, आणि हवा कोरडी व उष्ण असेल तर किमान १० दिवस पाणी मारा. नागपूरचा मे महिना म्हणजे कोरडी आणि उष्ण हवा याची व्याख्याच. २३ मे २०१३ला इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हात चौथ्या दिवशी पाणी थांबलं की वरचा थर तहानलेला राहतो, त्याला केसासारख्या भेगा पडतात, आणि पहिल्या पावसात त्या भेगा पाणी पिऊ लागतात. लोक दोष सिमेंटच्या कंपनीला देतात, रेती कन्हान नदीची होती की नाही यावर वाद घालतात. निम्म्या वेळा दोष न आलेल्या टँकरचा असतो.

माझ्या भिंतीतली तिरपी भेग मात्र वेगळ्या जातीची. नागपूरच्या पश्चिमेकडे काळी माती आहे. ही माती कापसाला चांगली, पायाला वाईट. पावसात पाणी शोषून फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून पाया तिच्या खाली, मुरमात किंवा खडकात न्यायचा असतो, जोत्यात मुरूमच भरायचा असतो आणि इमारतीभोवतीचं पाणी पायापासून दूर काढायचं असतं. आमच्या इमारतीच्या एका कोपऱ्यात गच्चीचा पन्हाळी पाइप थेट पायाशी मोकळा सोडला होता. दर पावसाळ्यात तो कोपरा भिजून फुगायचा, उन्हाळ्यात बसायचा. घर श्वास घेतल्यासारखं वर-खाली होत होतं. आणि आम्ही त्या श्वासावर पुट्टी मारत होतो.

ताबा मिळाला ३ मे २०२२ला, अक्षय्य तृतीयेला. पहिल्याच जुलैत बाथरूमच्या छतातून थेंब पडू लागले. वरच्या मजल्याच्या बाथरूमखाली जो खोलगट स्लॅब असतो, त्याचं वॉटरप्रूफिंग फुटकं होतं. मी बिल्डरला पहिला मेसेज केला १४ जुलै २०२२ला. पाच मिनिटांत उत्तर आलं : 'करून देतो, ताई.'

माणूस उद्धट नव्हता. फोन उचलायचा, घरी यायचा, चहा घ्यायचा. भेगेवरून हात फिरवून म्हणायचा, 'सीझन क्रॅक आहे ताई, एक-दोन पावसाळे जाऊ द्या, बसून जाते.' मग एक मिस्त्री यायचा. बालाघाटकडचा, हात चांगला होता त्याचा. ऑगस्टमध्ये आला, दिवाळीत आला, पुढच्या मे महिन्यात आला. तिसऱ्या वेळी मी त्याला म्हटलं, बाबा, भेग खरवडून आत जाळी घालायला नको का? तो म्हणाला, 'मॅडम, हमको तो पुट्टीच दिया है.'

इथे मला वाचकांना एक गोष्ट नीट सांगायची आहे, कारण माझ्या नोकरीतली आणि माझ्या घरातली गाठ तिथेच आहे.

बांधकामात चूक होते. मी स्वतः देखरेख केलेल्या कामांतही झाली. १९९०च्या दशकात काटोल तालुक्यातल्या एका गावी शाळेची इमारत चालली होती. सेंट्रिंग काढलं आणि एका कॉलमच्या पायथ्याशी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रं दिसली. गिट्टी उघडी, आत सळई दिसतेय. काँक्रीट नीट ठासलं नव्हतं. ठेकेदार म्हणाला, मॅडम, सिमेंटचा गिलावा देऊन बंद करतो. मी नाही म्हटलं. वाद झाला, वरिष्ठांना फोन गेले. चौथ्या दिवशी त्याने स्वतःची माणसं लावून तो कॉलम फोडला, नव्याने ओतला आणि त्याचे १५ सेंटीमीटरचे ठोकळे तपासणीला दिले. अठ्ठाविसाव्या दिवशी ठोकळे पास झाले. तो माणूस काही संत नव्हता. पण त्याला परत यायला कारण होतं.

कारण असं. सरकारी कामाचा ठेकेदार विभागाकडे नोंदलेला असतो, त्याचा वर्ग ठरलेला असतो, त्या वर्गापुरतीच कामं त्याला मिळतात. बी-१ करारनाम्यात त्याची सुरक्षा ठेव आमच्याकडे असते, शिवाय चालू बिलांतून काही रक्कम कापून ठेवलेली असते. काम संपलं तरी दोष दायित्वाचा कालावधी संपेपर्यंत ती सुटत नाही. त्या काळात दोष निघाला की नोटीस जाते. दिलेल्या मुदतीत आला नाही, तर दुसऱ्याकडून काम करून घेतात आणि खर्च त्याच्या ठेवीतून वळता करतात. तरीही हटवादीपणा केला, तर नाव काळ्या यादीत जातं. ही शेवटची शिक्षा मोठी आहे, म्हणून तिच्यावर न्यायालयांचा अंकुश आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली इरुशियन इक्विपमेंटच्या खटल्यात सांगितलं की बाजू मांडू दिल्याशिवाय कोणाला काळ्या यादीत टाकता येणार नाही. २०१३ साली कुल्जा इंडस्ट्रीजच्या निकालात सांगितलं की अशी बंदी कायमची असू शकत नाही, दोषाच्या मानाने तिला मुदत हवी. मला हे दोन्ही निकाल योग्य वाटतात. ठेकेदाराच्या पोटावर पाय देण्याआधी त्याचं ऐकलंच पाहिजे. पण ऐकून घेतल्यावर पाऊल उचलता येतं, हे त्याला माहीत असतं. त्या माहितीनेच काटोलचा कॉलम फुटला आणि पुन्हा उभा राहिला.

आता प्रताप नगरात या. माझ्या घरात वायरिंग करणाऱ्या विद्युत ठेकेदाराला सरकारी परवाना लागतो. नकाशावर सही करणारा आर्किटेक्ट १९७२च्या कायद्याने वास्तुकला परिषदेकडे नोंदलेला असतो आणि गैरवर्तन केलं तर परिषद त्याचं नाव काढू शकते. स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि साइट सुपरवायझर यांची पात्रता आणि कर्तव्यं राज्याच्या २०२०च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत लिहिलेली आहेत. पण ज्याने माझ्या डोक्यावरचा स्लॅब ओतला, तो लेबर रेटवर काम घेणारा ठेकेदार? त्याच्याकडे जीएसटीचा नंबर असेल, कामगार कायद्याखालची नोंद असेल. त्याला काँक्रीट समजतं का, हे तपासून दिलेला परवाना त्याच्याकडे नाही, कारण तसा परवानाच खाजगी घरांच्या कामाला आपल्याकडे नाही. जो परवाना नाही तो रद्द काय करणार?

माझ्या मैत्रिणीचा मुलगा कॅलिफोर्नियात राहतो. त्याने स्वयंपाकघर वाढवून घेतलं तेव्हाची गोष्ट तो सांगत होता. तिथे कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्ड नावाचं मंडळ १९२९पासून आहे. घराचं काम घेणाऱ्या ठेकेदाराला त्याचा परवाना लागतो, आणि परवान्याबरोबर हमीपत्र भरावं लागतं. २०२३पासून त्याची रक्कम २५,००० डॉलर आहे. काम वाईट झालं तर उघड दिसणाऱ्या दोषासाठी ४ वर्षांपर्यंत आणि इमारतीच्या सांगाड्यातल्या लपलेल्या दोषासाठी १० वर्षांपर्यंत मंडळाकडे तक्रार करता येते. मंडळ आधी दुरुस्ती करायला सांगतं, मग दंड करतं, मग परवाना थांबवतं किंवा काढून घेतं. सामान्य माणूस परवान्याचा नंबर टाकून ठेकेदाराचा इतिहास घरबसल्या बघतो. तिथेही वाईट कामं होतातच. फरक एवढाच की दुरुस्तीला न येणं हा तिथे नोंदवला जाणारा नियमभंग आहे, आणि ती नोंद ठेकेदाराच्या पुढच्या गिऱ्हाइकाला दिसते.

आपल्याकडे हा धाक ठेकेदारावर नाही, तो बिल्डरवर ठेवला आहे. २०१६चा स्थावर संपदा कायदा, ज्याला सगळे रेरा म्हणतात, त्याचं कलम १४ यासाठी प्रत्येक फ्लॅटधारकाने वाचावं. ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत सांगाड्यातला दोष, कारागिरीतला दोष, दर्जातला किंवा सेवांमधला दोष लेखी कळवला, तर बिल्डरने एक पैसाही न घेता ३० दिवसांत तो दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई द्यायची. 'ठेकेदाराची चूक आहे', 'मिस्त्री पळून गेला' ही उत्तरं कायद्याला चालत नाहीत, विकणारा जबाबदार. महारेराचा, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा, आदेश मानला नाही तर रोजचा दंड बसतो, तो प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत चढू शकतो. भरपाईची रक्कम दिली नाही तर जिल्हाधिकारी ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करतात. कायद्याने पाळायच्या गोष्टी चुकवत राहणाऱ्याची नोंदणीही रद्द होऊ शकते. दोष दायित्वाचं कलम करारातून गाळता किंवा सौम्य करता येणार नाही, हेही महारेराने स्पष्ट केलं आहे. तक्रारीची फी ५,००० रुपये, आणि नागपुरात महारेराचं कार्यालय आहे, मुंबईला धावावं लागत नाही.

हे सगळं वाचून मला वाटलं, झालं, आपलं काम सोपं. मग पुढची ओळ वाचली.

५०० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरच्या किंवा ८ फ्लॅटपर्यंतच्या प्रकल्पाला रेराची नोंदणीच लागत नाही. ५०० चौरस मीटर म्हणजे सुमारे ५,३८० चौरस फूट. आमचा प्लॉट ४०००चा, फ्लॅट सहा. दोन्ही अटींनी आम्ही बाहेर. प्रताप नगरच्या आमच्या गल्लीत गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या स्कीम मी एका संध्याकाळी फिरून मोजल्या, नऊ निघाल्या. त्यांतल्या एकीच्याच पाटीवर महारेराचा क्रमांक होता. जिथे जुने बैठे बंगले पाडून छोट्या इमारती होतात, त्या सगळ्या वस्त्यांची हीच अवस्था असणार. कायद्याची सवलत छोट्या बिल्डरला त्रास नको म्हणून दिली, ती समजण्यासारखी आहे. पण छोट्या इमारतीचा स्लॅब मोठ्या इमारतीच्या स्लॅबपेक्षा कमी गळत नाही. महाडची तारीक गार्डन ही पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२०ला कोसळली, १६ जीव गेले. ती दहा वर्षांचीही नव्हती. माझं ठाम मत आहे की सवलत नोंदणीपुरती ठेवावी, दोष दुरुस्तीचं कर्तव्य आणि तक्रारीचं दार सहा फ्लॅटच्या स्कीमलाही सारखंच उघडं असावं.

मग उरतो ग्राहक आयोग. राज्याचा १९६३चा मोफा कायदाही आहे आणि त्यातही ताबा दिल्यानंतर ठराविक मुदतीत दाखवलेला दोष बिल्डरने पदरखर्चाने दुरुस्त करायचा आहे, पण सामान्य माणसाला हातात धरता येईल असं शस्त्र ग्राहक कायद्याचंच. घर बांधून देणं ही 'सेवा' आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या निकालात सांगून टाकलं. आणि आमच्या काका-काकूंसारख्या मूळ प्लॉटधारकांसाठी २००८चा फकीरचंद गुलाटी निकाल आहे. दिल्लीतल्या एका घरमालकाने जुनं घर बिल्डरला दिलं, नव्या इमारतीत त्याला हिस्सा मिळायचा होता, काम वाईट झालं. बिल्डर म्हणाला, हा तर माझा भागीदार, ग्राहक कसला? न्यायालय म्हणालं, तो ग्राहकच. काकांना मी तो निकाल वाचून दाखवला तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. त्यांना वाटत होतं, प्लॉट आपणच दिला, आता तक्रार करायचा हक्क आपल्याला उरला नाही.

या शस्त्राला एक घड्याळ बांधलेलं आहे : २ वर्षं. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगात जायचं. आपण नोटिसा पाठवत राहिलो म्हणून ते घड्याळ थांबत नाही. समोरचा 'करून देतो' म्हणत राहिला म्हणूनही थांबत नाही. ही गोष्ट मला वकील मैत्रिणीने सांगितली तेव्हा त्या गोड माणसाच्या गोड मेसेजचा अर्थ मला पहिल्यांदा कळला. पुट्टीचा खर्च त्याला प्रत्येक वेळी काही शे रुपये आला असेल. प्रत्येक पुट्टीने माझे काही महिने गेले.

काच तडकल्यावर मी कागद करायला घेतले. हे काम मला येत होतं. मोजमाप पुस्तिका भरण्यात आयुष्य गेलं. प्रत्येक भेगेची लांबी, रुंदी, तारीख. फोटोत पट्टी धरलेली. बाथरूमच्या छताखाली बादली ठेवून चोवीस तासांत किती पाणी जमलं ते मोजलं. स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला फी देऊन अहवाल घेतला. मी स्वतः इंजिनिअर असले तरी माझ्याच घराबद्दल माझाच अहवाल कोण धरणार? ऑक्टोबरमध्ये रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली. तिच्यात 'घर खराब बांधलं' असं लिहिलं नाही. कोणती खोली, कोणती भिंत, कोणता दोष, तो दुरुस्त करायची पद्धत कोणती आणि किती दिवसांत, एवढंच लिहिलं. उत्तर आलं नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. फ्लॅटची किंमत ४६ लाख, म्हणून जिल्हा आयोग. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तिथेच जायचं. फी १,००० रुपये.

आयोगाची नोटीस गेल्यावर माणूस आठवड्याभरात घरी आला. या वेळी चहा नको म्हणाला. तडजोड करू म्हणाला. मला पैसा नको होता, कोरडं छत हवं होतं, म्हणून मी तयार झाले, पण अट घातली की शब्द आयोगासमोर लिहून द्यायचा. ऑगस्टमध्ये तडजोड पुरसिस, म्हणजे तडजोडीच्या अटींचं लेखी निवेदन, दाखल झाली आणि तिच्यावरून आयोगाचा आदेश झाला. पन्हाळी पाइप गटारापर्यंत नेणे. कोपऱ्यात इमारतीभोवतीचा पट्टा फोडून मुरूम भरून पुन्हा करणे. भेग खोलून, जाळी घालून भरणे. वरच्या बाथरूमची फरशी काढून वॉटरप्रूफिंग नव्याने करणे आणि ४८ तास पाणी भरून ठेवून दाखवणे. मुदत ४५ दिवस.

पाइप आणि भेगेचं काम झालं, चांगलं झालं. तोच बालाघाटचा मिस्त्री होता, आणि या वेळी त्याला जाळी दिली होती. बाथरूम राहिलं. 'करून देतो' पुन्हा सुरू झालं. जानेवारी २०२५मध्ये मी अंमलबजावणीचा अर्ज केला. आयोगाचा आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५ हजार ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अर्जाची प्रत मिळाल्यावर सहाव्या दिवशी काकूंच्या बाथरूममध्ये फरशी फुटण्याचा आवाज आला. मार्चमध्ये ४८ तास पाणी भरून ठेवलं. मी दोन रात्री खालून छताला हात लावून पाहत होते. कोरडं होतं. त्या पावसाळ्यातही कोरडं राहिलं.

स्वतःचं घर ठेकेदाराकडून बांधून घेणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. जोतं, स्लॅब, प्लास्टर असे हप्ते देता, तेव्हा प्रत्येक हप्त्यातून पाच टक्के मागे ठेवा आणि ते एक पूर्ण पावसाळा उलटल्यावर देईन असं सुरुवातीलाच करारात लिहा. सरकार जे करतं तेच. प्रामाणिक ठेकेदार याला हरकत घेत नाही, मी असे पुष्कळ पाहिलेत. पाणी मारलं की नाही याची वही साइटवर ठेवा, रोज सही घ्या.

तिसऱ्या मजल्यावरचे भाऊ, बँकेतून निवृत्त झालेले, त्यांनी तक्रार केली नव्हती. त्यांची गच्ची गळते. २२-२३ सप्टेंबर २०२३च्या रात्री, ज्या रात्री काही तासांत शंभर मिलीमीटरहून जास्त पाऊस झाला आणि अंबाझरी तलाव ओसंडून नागनदीकाठची घरं बुडाली, त्या रात्री त्यांच्या पलंगावर छताचं प्लास्टर पडलं. सुदैवाने दोघं नवरा-बायको हॉलमध्ये बादल्या लावत होते. तरीही ते म्हणत, माणूस चांगला आहे, करून देतो म्हणालाय. तक्रार करायची त्यांची दोन वर्षं जुलै २०२४मध्ये संपली.

सबळ कारण दाखवलं तर आयोग उशीर माफ करू शकतो. तसा अर्ज आम्ही दोघांनी मिळून तयार केला आहे. जोडायला त्यांच्या मोबाइलमधले मेसेज छापून काढले, तेव्हा 'करून देतो' हे शब्द एकोणीस वेळा आले. तुमच्या मोबाइलमध्येही ते असतील, तर पहिल्या मेसेजची तारीख आजच काढून बघा.